बाबांना विचारून

कंपाला, ३ जून

चि. अब्वोली हिला अकीकीचे अ. आ.

फोनवर आपली भांडणंच होतात, म्हणून लिहितेय. बाबांचे उपचार सुरू झाले. डोक्याला चुंबक टेकवतात, टकटक आवाज होतो, कपाळ जरा ठणकतं, एवढंच. हे संशोधन आहे. काहींना खरं चुंबक, काहींना नुसता आवाज. कुणाला काय, ते डॉक्टर नान्सुबुगांनाही ठाऊक नाही. बाबांचं विसरणं अल्झायमरमुळे किती आणि आई गेल्यावरच्या नैराश्यामुळे किती, हेही अजून उलगडलेलं नाही. मी बाबांना प्रयोगाला विकलं, असं तू काकांना सांगतेस म्हणे. अगं, पुन्हा पुन्हा समजावून घेऊन सही त्यांनी स्वतः केली. आणि इतके महिने भिंतीकडे बघत बसलेला माणूस काल म्हणाला, घेवड्याच्या फिरिंदात मीठ कमी आहे! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

राग आवर, माया असू दे.
तुझी अकीकी

फोर्ट पोर्टल, १४ जून

ती. अकीकीताईस सा. न. वि. वि.

मिठाचं कौतुक पुरे. काल फोनवर बाबा म्हणाले, आईला बोलाव. ती गेली, असं सांगितल्यावर त्यांनी हंबरडा फोडला. आणि आज पुन्हा तेच विचारलं! गप्प होते तेव्हा निदान शांत तरी होते. तुझं चुंबक त्यांना जागं करतंय ते रोज नव्याने रडवायला. काका म्हणतात, मेंदू भाजून निघेल. मी शनिवारी येतेय. आई मावशीकडे कासेसेला गेलीय, असंच मी त्यांना सांगणार, तूही तेच सांग. नाहीतर मी त्यांना इकडे घेऊन येईन.

धाकटीचं बोलणं मनाला लावून घेऊ नये.
अब्वोली

कंपाला, २५ जून

चि. अब्वोलीस अ. आ.

तू परत गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी बाबा घरातून नाहीसे झाले. दुपारभर मी वेड्यासारखी फिरले. सापडले ते बसस्थानकावर, कासेसेच्या बसमध्ये, चालकाच्या जागेवर. उतारू ओरडत होते, म्हातारा प्यायलाय म्हणत होते. आणि जन्मभर त्याच रस्त्यावर बस चालवलेले आपले बाबा किल्ली मागत होते. बायको कासेसेला वाट बघतेय म्हणून. ओढून उतरवताना पडले, कपाळ फुटलं.

तिथेच रस्त्याकडेला बसून मी त्यांना खरं सांगितलं. खूप रडले. मग विचारलं, माझ्याशी खोटं कोण बोललं? मी तुझं नाव घेतलं नाही.

डॉक्टरांनी उपचार थांबवलेत. मी गयावया केली. त्या म्हणाल्या, हे ठरवणं तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. जखम भरू दे, मग त्यांनाच विचारू. खरं सांगू? ते नाही म्हणतील, याचीच मला भीती वाटते.

भांडण राहू दे, लोभ तोडू नकोस.
अकीकी

कंपाला, ९ जुलै

लाडक्या अब्वोलीस बाबांचे आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, लावून घे. काल डॉक्टरीणबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि विचारलं, पुढे चालू ठेवायचं का. अकीकी मध्येच बोलणार होती, तिला मी गप्प बसवलं. मला खरं चुंबक लावतात की नुसता आवाज ऐकवतात, कळत नाही. मी बरा होईन असं त्या बाईही म्हणत नाहीत. अकीकीला आलेलं तुझं पत्र माझ्या हाती लागलं. पण भिंतीपाशी मी शांत होतो, हे तुला कुणी सांगितलं, पोरी? तिथे मला रडूसुद्धा येत नव्हतं. मी हो म्हणालो.

तुझी आई गेली, हे आज मला माहीत आहे. उद्या कदाचित पुन्हा विचारेन, कुठे आहे ती. तेव्हा तिला कुठल्या गावाला पाठवू नकोस. जवळ बस, हात धर आणि ती गेली म्हणून सांग. मला रडू दे. रडून झालं की जेवायला वाढ.

तुझे बाबा