मधल्या मापाची बॅग

अहो, आधी पाणी प्या आणि बसून ही चिठ्ठी वाचा. एक छोटंसं आख्यान सांगते, मग हवं तेवढं रागवा.

एक होता लिफ्ट दुरुस्त करणारा. लिफ्ट बंद पडली की त्याला बोलावणं यायचं, त्यामुळे बिचाऱ्याच्या नशिबी कायम जिनेच. हर्नियाच्या ऑपरेशननंतर तो उद्या पुन्हा कामावर जाणार आहे. परगावी न्यायला आणि रोज हत्यारं भरायला त्याने भली मोठी बॅग आणली.

देवानेही भक्ताची घेतली नसेल एवढी परीक्षा बायकोने त्या बॅगेची घेतली. शिलाई ओढून पाहिली, इस्त्री आणि जाडजूड पोथ्या भरून खुंटीला टांगली, वरून तांब्याभर पाणी ओतलं. टाका उसवला नाही, चेन अडली नाही, आत थेंब गेला नाही.

"माल खणखणीत आहे हो!"

"मग! सगळी हत्यारं एकाच फेरीत वर जातील," त्याने छाती फुगवली.

बायकोने मात्र मनात हिशेब मांडला. बॅग पेलेल, पण उचलणाऱ्याचं पोट अजून कच्चं आहे. डॉक्टरांनी बजावलेलं तो विसरला, ती कशी विसरेल?

म्हणून ती दुकानात गेली आहे. त्याच कापडाची, तशाच शिलाईची, पण मधल्या मापाची बॅग बदलून आणते आहे. फेऱ्या दोन होतील, होऊ देत.

जेवण झाकून ठेवलंय. उद्या जिन्यात दम लागला, की तिथेच टेका आणि देवाचं नाव घ्या. त्याच्या मागोमाग त्या बाईचीही आठवण ठेवा.