रेवाची पहिली भाषा

५ जानेवारी २०२५, रविवार

शिसारी आली आज! नेऱ्याच्या फार्महाऊसवर, रविवारच्या संस्कृत सभेत, सहा शिकलेली माणसं पाऊण तास वाद घालत बसली — डायपरला संस्कृतात काय म्हणायचं. सत्यजीत म्हणे 'मूत्रशोषकम्'. माझा नवरा चारुदत्त म्हणे छे, 'शिशुकटिवस्त्रम्'. तोवर रेवाचा डायपर गळायला लागला. बदलला मीच. बाकी कुणी जागचं हललं नाही.

नवऱ्याचं स्वप्न ठरलेलं आहे. पूर्वजांची भाषा पुन्हा घराघरात, बाजारात, सगळ्या देशाची एकच बोली. त्यासाठी आधी एक मूल हवं, ज्याच्या कानावर दुसरं काही पडलेलंच नाही. ते मूल म्हणजे आमचं! सव्वादोन वर्षांची पोर. अजून एक शब्द बोललेली नाही.

परतताना गाडीत मी तिला म्हणाले, "थंडी वाजते का गं सोन्या?" चारुदत्तने आरशातून असं पाहिलं, जणू मी तिला तंबाखू चारली.

८ जानेवारी

त्याचा कंपनीतून फोन. "रेवायै दुग्धं दत्तं वा?" मी बँकेत, समोर पेन्शनवाल्यांची रांग. हो म्हणून ठेवून दिला. पोरीच्या नावालाही विभक्ती!

१२ जानेवारी

पुन्हा नेरे. आज पुण्याहून पाहुणे होते. चारुदत्तने रेवाला सतरंजीच्या मधोमध उभं केलं. "रेवे, हस्तौ दर्शय!" म्हणत स्वतःचे हात पुढे केले. तिनेही केले. टाळ्या! एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "समजतं हो तिला सगळं." कुणी व्हिडिओ काढला. रेवा तोंडांकडे बघत हसत होती, टाळ्या संपल्यावरही.

माझी पोर आहे की माकड? आणि मी तिथेच चहा वाटत होते. माझीही किळस येते.

१५ जानेवारी

आज एक घाणेरडं काम केलं. गोदूबाईंना सांगितलं, रेवासमोर बोलू नका.

त्या इथल्याच, कामोठे गावातल्या. मी बँकेत असते तेव्हा दिवसभर त्याच सांभाळतात. चारुदत्तला त्यांचं आगरी पोरीच्या कानात नको. म्हणे, "तू सांग, बाईमाणसाला बाईने सांगितलेलं बरं." बाई म्हणाल्या, "म्हंजे दिसभर मुकी राहू?" मी म्हटलं, हो. मान हलवून भांडी घासायला गेल्या.

१६ जानेवारी

गोदूबाई आज माझ्याशीही बोलल्या नाहीत.

२१ जानेवारी

बाथरूमचं दार लावून, नळ सोडून रेवाशी मराठीत बोलते. कित्येक महिने चाललंय हे. चिऊकाऊ, अडगुलं मडगुलं, सगळं. स्वतःच्याच घरात चोरी!

आज पाणी बंद केलं, तिला पाठमोरी बसवून केस पुसले आणि हळूच विचारलं, "कुणाचं बाळ गं तू?" काहीच नाही. साबणाच्या फेसाशी खेळत राहिली. मला इतका संताप आला! या माणसाने त्याच्या व्याकरणापायी माझी भाषा तिच्यातून खरवडून काढली. जेवताना त्याच्या भाताच्या घासाकडेही बघवेना.

१ फेब्रुवारी

मागच्या गल्लीत हळद होती. संध्याकाळी पाचपासून डीजे. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, माझं डोकं फुटायची वेळ. रेवा गाढ झोपलेली.

गोदूबाई निघता निघता थांबल्या. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा बोलल्या. "ताई, रागवू नका. पोरीला आयकू येत नाय."

मी म्हटलं, काहीतरीच काय! तिला भाषा कळत नाही म्हणून वळत नाही ती.

"भाषा ऱ्हाऊ द्या. परवा तिच्या पाठीशी पातेला पडला माझ्या हातून. मीच दचकले. तिनं मान पन नाय फिरवली. तुमी बोलू नको सांगलात, तवापासून मी हातानं दावते. तर सगला करते पोर. पानी मागते, चप्पल आनते."

मी खोलीत गेले. रेवाच्या डोक्याशी उभी राहून जोरात टाळी वाजवली. मग ताट आपटलं. मग किंचाळले.

ती झोपलेलीच.

२ फेब्रुवारी

चारुदत्तला सांगितलं. म्हणाला, "दोन भाषा कानावर पडल्या की मुलं उशिरा बोलतात. तू चोरून मराठी बोलतेस, माहीत आहे मला." आठवड्याची सभा चुकवता येणार नाही म्हणून नेऱ्याला निघून गेला. त्याचा धुतलेला पांढरा झब्बा बघून ओकारी आली.

डॉक्टरांची वेळ मीच घेतली.

११ फेब्रुवारी

औषध पाजून, झोपवून तपासणी झाली. दोन्ही कान. बहुतेक जन्मापासून.

म्हणजे संस्कृत नाही, मराठीही नाही. मी मारलेली एकही हाक नाही.

यंत्र, ऑपरेशन, बरंच काही सांगत होत्या डॉक्टर. चारुदत्त मध्येच म्हणाला, "पण मी बोलायला लागलो की हसते ती. रोज हसते."

"तुमचं तोंड बघून हसते," त्या म्हणाल्या.