डिटरचा गुडघा

शनिवार संध्याकाळ, वेस्टमीड

आज टीम सोडायचीच, असं ठरवून ग्राउंडवर गेले. बेचाळिसाव्या वर्षी फुटबॉल शिकायला निघालेली बाई! गेल्या मॅचला माझ्या चुकीच्या पासमुळे आम्ही हरलो. आठवडाभर लॅबमध्येही डोक्यात तेच.

आमचा कोच डिटर. त्याला जर्सी परत द्यायला हात पुढे केला, तर त्याने घेतलीच नाही. ट्रॅकपँट वर करून गुडघा दाखवला. केवढा लांब व्रण! जर्मनीत तो मिडफिल्डर होता, एवढंच मला माहीत होतं. तिसाव्या वर्षी गुडघा गेला, खेळणं संपलं, वर्षभर तो घराबाहेर पडला नाही, हे आज कळलं.

"मग जवळच्या शाळेतल्या मुलींना कोच हवा होता. त्या दारात येऊन उभ्याच राहिल्या," तो म्हणाला. "तेव्हापासून शिकवतोय."

तो व्रण अजून डोळ्यांसमोर आहे. आणि मी कशासाठी रडत होते? एका पाससाठी?

"तू चुकलीस, कारण बॉल मागायला तूच पुढे गेलीस, मेट. बाकीच्या लपल्या होत्या," डिटर म्हणाला. इथे सगळे एकमेकांना 'मेट' म्हणतात, आपण 'दोस्ता' म्हणावं तसं.

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. थँक यू म्हणायचं राहूनच गेलं. "मंगळवारी प्रॅक्टिसला येते," एवढंच म्हणाले. तो हसला. समजलं असावं त्याला.