रसायनशास्त्राच्या जागेसाठी मला धरू नये

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. विभागीय सहसंचालक,
उच्च शिक्षण, कोल्हापूर विभाग,
कोल्हापूर.

अर्जदार : पिराजी केरबा गावडे, वय ४९, धंदा काजू सोलणे, मु. पो. आंबेखोल, ता. चंदगड, जि. कोल्हापूर.

विषय : आंबेखोल येथील महाविद्यालयात रसायनशास्त्राचा शिक्षक टिकावा म्हणून माझे लग्न लावू नये, जागा रीतसर भरावी, याबाबत.

संदर्भ : संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव क्र. ७, दि. २१ जून २०२५.

महोदय,

माझी पत्नी कै. पूर्णिमा या वरील महाविद्यालयात एकोणीस वर्षे रसायनशास्त्र शिकवत होत्या. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कावीळ होऊन त्या वारल्या. तेव्हापासून त्यांच्या जागेवर कोणी टिकलेले नाही. माझे शिक्षण दहावी आहे. लिहिण्यात चूकभूल झाल्यास पदरात घ्यावी.

आमच्याकडे पाऊस फार आणि एसटी एकच. महाविद्यालयामागे शिक्षकांसाठी दोन खोल्या आहेत, त्या गळतात. पत्नीनंतर आलेले पहिले सर खाटेवर छत्री उघडून झोपत. कपडे वाळेनात, तेव्हा ओलेच कपडे पिशवीत भरून ते गेले. दुसऱ्या मॅडमना वारणानगरला जागा मिळाली. तिसरे सर हजर झाले त्याच दिवशी परतीच्या एसटीची चौकशी करत होते. ती सकाळीच गेलेली, म्हणून एक रात्र राहिले. सर्वांच्या नेमणुका तासावरच्या, उन्हाळा आला की संपणाऱ्या. राहायचे कशासाठी, हे त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही.

संस्थेने कौले बदलली नाहीत. संस्थेची पद्धत वेगळी आहे. बाहेरून आलेला शिक्षक जाऊ नये म्हणून गावातच त्याचे लग्न जमवतात. भूगोलाचे सर दूध डेअरीच्या चेअरमनचे जावई आहेत. ग्रंथपाल मॅडम माजी सरपंचांच्या घरात दिल्या आहेत. मागे एक तपासणी समिती आली होती. शिक्षक सोडून जाण्याचे प्रमाण किती, असे तिने विचारले. अध्यक्ष श्री. विजयसिंह म्हणाले, "आमच्याकडं कोण जात न्हाय साहेब, सोयरीक करून टाकतो की." समितीने ते लिहून घेतले.

माझेही लग्न असेच झाले. मी शिपायाची जागा मागायला त्या वेळचे अध्यक्ष गणपतराव यांच्याकडे गेलो होतो. ते म्हणाले, "शिपाई हायत रं. तू असं कर, त्या वर्ध्याच्या मॅडमला बघून घे." मला थट्टा वाटली. पुढच्या वैशाखात लग्न झाले. होकार देण्याआधी पूर्णिमा यांनी मला एकच विचारले, घर गळते का. मी नाही म्हटले. ते खरे होते.

चौथ्या मॅडम गेल्या दिवाळीनंतर आल्या, यंदा त्यांचीच पुन्हा नेमणूक झाली आहे : कु. क्रांती शेलार, वय सत्तावीस, परभणीकडच्या. चांगले शिकवतात, असे मुले सांगतात. यंदा फेब्रुवारीत पत्नीचे वर्षश्राद्ध होते. अध्यक्ष जेवायला आले होते. पानावर बसूनच म्हणाले, "पिराजी, मॅडम गेल्या, पर जागा ऱ्हायली की. तूबी मोकळा, ती पोरबी एकटी. कॉलेजचं भलं हुईल." माझ्या हातात खिरीचे पातेले होते. मी त्यांना खीर वाढली.

विषय तिथेच संपला असे मी धरून चाललो. पण जूनमध्ये ठराव झाला, तो असा : "रसायनशास्त्र विभागातील अध्यापक टिकविणेकामी श्री. पिराजी गावडे व कु. शेलार यांचेशी बोलणी करणे. सर्वानुमते मंजूर." चार दिवसांनी माझी मापे घ्यायला शिंपी आला. तो संस्थेच्या खर्चाने आला होता. कौलांसाठी मात्र तरतूद नाही, असे कळते.

मग क्रांती मॅडमच्या आईंचा मला फोन आला. "लेकराला शिकवायला पाठवलंय, नांदायला न्हाई. तुमच्या वयाचं तरी काही वाटू द्या," असे त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते, म्हणून मी ऐकून घेतले. क्रांती मॅडमनी राजीनामा लिहून ठेवला आहे. त्या गेल्या तर तिसऱ्या वर्षाचा वर्ग यंदा बंद करावा लागेल, असे प्राचार्य सांगतात. तो वर्ग पूर्णिमा यांनी उभा केलेला आहे. तो बंद पडू नये, एवढेच माझे यात आहे.

अध्यक्ष म्हणतात, पूर्णिमा मॅडम टिकल्या त्या लग्नामुळे. हे चूक आहे आणि ते मला लेखी कळवायचे आहे. त्यांना कोल्हापुरातून दोनदा बोलावणे आले होते. मीच म्हटले, चला, काजूचे मी बंद करतो. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षाची मुलं अर्ध्यावर टाकून कशी जाऊ?" दुसरे वर्ष दरसाल असतेच. त्या मुलांसाठी राहिल्या, आणि घर कोरडे होते म्हणून राहिल्या. माझ्यासाठी किती, ते मी कधी विचारले नाही. आता विचारता येत नाही.

तरी विनंती की, सदर पद जाहिरात देऊन कायमस्वरूपी भरण्यास संस्थेस कळवावे, खोल्यांवर कौले घालण्यास सांगावे आणि ठराव क्र. ७ मधून माझे व मॅडमचे नाव काढण्यास लावावे. तोवर माझे घर मी शिक्षकांना राहण्यासाठी देत आहे. भाडे नको. लोकांनी बोलू नये म्हणून मी या महिन्यापासून काजूच्या शेडमध्ये राहतो. चावी प्राचार्यांकडे दिली, तर अध्यक्ष म्हणाले, "घर दिलंस, मग लगीन कराय काय हुतंय?" त्यामुळे हा अर्ज करणे भाग पडले. सोबत ठरावाची प्रत, पत्नीच्या मृत्यूचा दाखला व शिंप्याने दिलेली मापांची चिठ्ठी जोडली आहे. चिठ्ठी संस्थेस परत करावी.

क्रांती मॅडमना हा अर्ज वाचून दाखवला आहे. घर खरेच कोरडे असेल तर वर्षभर थांबून बघते, असे त्या म्हणाल्या. पुढचे आपल्या हाती आहे.

घराबाबत माझी एकच अट आहे. दाराच्या आत खिळ्याला पूर्णिमा यांची काळी छत्री आहे. ती तिथून हलवू नये. पाऊस असला तर मॅडमनी वर्गावर जाताना न्यावी. संध्याकाळी परत तिथेच अडकवावी.

आपला नम्र,

(सही)
पिराजी केरबा गावडे
कै. पूर्णिमा यांचे पती