दोन पेट्या आणि सोमवारची ओळ

रवि. ३१ ऑगस्ट
१. शुक्रवारी दुधनीला बसवराज अण्णांच्या आडतीतला काटा जुळवून दिला. दाखल्यावर माझी सही.
२. प्रमाणित वजनांची पेटी न्यायची होती. नेली दुकानातल्या रोजच्या वापराची. दोन्ही पेट्या हिरव्या. पेटीवरची चिठ्ठी वाचली नाही.
३. आज दुकान उघडलं तर प्रमाणित पेटी फळीवरच, सील शाबूत.
४. रोजच्या वजनांवर रंगाचे थर चढलेत. वीस किलोचं वजन चाळीस ग्रॅम जास्त. म्हणजे अण्णांचा काटा पन्नास किलोच्या पोत्याला शंभर ग्रॅम कमी दाखवणार. नुकसान माल आणणाऱ्याचं.
५. कारण: शुक्रवारी संध्याकाळी आई शब्बाथचे, शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लावायच्या आत घरी पोचायची घाई.
६. कुणाला सांगितलं: नाही.

मंगळ. २ सप्टें.
अजून नाही. काटेदुरुस्तीच्या दुकानाचे मालक, सर, हैदराबादला, १५ला येणार. तीन वर्षांपूर्वी शनिवारची सुट्टी देताना त्यांची एकच अट होती. "शुक्रवारच्या घाईनं एकदा जरी काम बिघडलं, तर सुट्टी बंद. चालेल?" मी चालेल म्हटलं. बदल्यात रविवारी दुकान मी उघडते. सात रस्ता चौकात आधी दोन दुकानांत शनिवारच्या सुट्टीचं विचारलं होतं. एकाने हसून विषय बदलला, दुसऱ्याने तेही केलं नाही.
शंभर ग्रॅम म्हणजे तसे फार

रवि. ७ सप्टें.
मंगळवारचं वाक्य पुरं करत नाही.
सोलापुरात प्रार्थनेला लागणारे दहा ज्यू पुरुष जमत नाहीत. म्हणून शनिवारी सकाळी पप्पा घरीच त्या आठवड्याचा परशा, म्हणजे धर्मग्रंथातला ठरलेला भाग, मराठीतून वाचतात. मग तिघांनी एकेक ओळ निवडायची, सोमवारी कामाला येईल अशी. आमच्या घरचाच नियम. पप्पा रेल्वेतून निवृत्त झाले, पण वेळापत्रक सुटलं नाही.
कालच्या भागाच्या शेवटी पिशवीतली दोन वजनं आली. एक जड, एक हलकं. अशी बाळगू नयेत. पप्पा नेहमीच्या आवाजात वाचत होते. त्यांना काही माहीत नव्हतं. मी पाणी आणायला उठले.
पप्पांनी निवडलं ते गच्चीला कठडा बांधणं. दरवर्षी तेच.
आई: "अहो, आपण तळमजल्यावर राहतो. तेही भाड्यानं."
पप्पा: "वरच्यांना सांगेन." मग माझ्याकडे वळून, "तुझी ओळ?"
"पुढच्या आठवड्यात सांगते."
"सोमवार पुढच्याच आठवड्यात असतो."
आज सकाळी अण्णांना फोन. काटा बंद ठेवा, उद्या येते, चूक माझी.
"अय्यो! बरं, या की."

सोम. ८ सप्टें.
दुकानाचा टेम्पो तसाही अक्कलकोटकडे जाणार होता. प्रमाणित पेटी घेतली. चिठ्ठी तीनदा वाचली.
अण्णांना सगळं सांगितलं. याच महिन्यात येणाऱ्या आमच्या नव्या वर्षाआधी माफी ज्याची त्याच्याकडेच मागावी लागते, देवाकडे मागून भागत नाही. हे त्यांना सांगितलं नाही. फक्त माफी मागितली.
अण्णा: "तुमचं शुक्रवारी घड्याळाकडंच ध्यान असतंय, मला म्हाईत हाय. माझ्या बायकोचं सोमवारी असतंय, देवळाचं." मग, "आठवडाभर गप का बसला?"
"भीती वाटली."
"हां. हे खरं बोलला."
काटा जुळवला, दोनदा पडताळला. नवा दाखला, जुना फाडला. ज्यांचा उडीद-मूग त्या आठवड्यात काट्यावर चढला ते सगळे ओळखीचे. फरक भरून देतो, अण्णा म्हणाले. निघताना हातात नव्या मुगाची पिशवी. मी म्हटलं, गिऱ्हाइकाकडून काही घेत नाही.
"लाच न्हवं ओ, मूग हाय. आईला द्या."
घेतली. तोलून पाहिली नाही.

रवि. १४ सप्टें.
शुक्रवारी घरी सांगितलं. पप्पांनी चष्मा पुसला. आईने मुगाची पहिली मूठ दिव्यांजवळ वाटीत ठेवली. कालच्या परशात हंगामाच्या पहिल्या फळांची टोपली. नुसती आणून ठेवायची नाही. आपण कुठून आलो, काय मिळालं, ते तोंडाने म्हणायचं. हीच ओळ निवडली. मला जमत नाही, म्हणूनच.
आभार मी मनात मानते. मनातलं कुणाला दिसत नाही.

सोम. १५ सप्टें.
सर आले. माझी चूक झालीय म्हणत हातात पत्र दिलं. पहिला परिच्छेद वाचून म्हणाले, "चूक केलीस तर आभार कसले?" म्हटलं, चूक पुढे लिहिली आहे. "ठेव. गिऱ्हाईक आहे." तेवढंच. पत्राची नक्कल इथे:

"सर, तीन वर्षं तुम्ही मला शनिवार दिलात. कुणी दिला नव्हता. त्यामुळे आठवड्यातून एक सकाळ वडिलांजवळ बसता आलं. याबद्दल आभार, हे आधीच म्हणायला हवं होतं.
२९ ऑगस्टला मी दुधनीला चुकीची पेटी नेली. कारण शुक्रवारची घाई. कळल्यावर आठ दिवस गप्प राहिले, ती वेगळी चूक. काटा ८ तारखेला दुरुस्त करून दिला आहे. प्रमाणित पेटीला लाल रंग द्यावा, असं सुचवते.
तुमची अट मला आठवते. शनिवारची सुट्टी चालू राहील की बंद, हे गुरुवार, १८ तारखेपर्यंत कळवावं. शुक्रवारी किती वाजता निघायचं, ते मला घरी सांगावं लागेल."