हिरव्या साडीतली अळवंतीण

कराड

प्रिय कीर्तीवहिनी,

'वहिनी' म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, पण नुसतं 'कीर्ती' लिहून बघितलं तर हात पुढे सरकेना. मी चंदनबाला, जिनेंद्रदादाची बहीण. अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकलं नसशील तर शेवटपर्यंत वाच. लग्न होऊन कराडला आले त्याला चौदा वर्षं झाली. भरतेश इथल्या एका शाळेत शिकवतात, मुलगी ब्राह्मी आठवीत आहे. तू राहतेस ते उंब्रज इथून अर्ध्या तासावर. तुझा पत्ताही मला सहा वर्षांपूर्वीच मिळाला होता. तुझा भाऊ अमृत एस.टी. स्टँडवर भेटला, त्याने मान फिरवली नाही, उलट उन्हाची आलीस म्हणून पाण्याची बाटली पुढे केली. तू नर्सिंग केलंस, गावोगावच्या बाळंतिणी तुझ्याच हाताचा हट्ट धरतात, हे त्यानेच सांगितलं. तरी मी आले नाही. दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावणीला मी शंभरेक माणसांना व्हॉट्सॲपवर हात जोडते. 'कळत-नकळत चुकलं असेल तर क्षमा असावी.' त्या यादीत तुझं नाव कधीच नव्हतं. जे पूर्ण कळून केलं, त्याला ते वाक्य कसं पुरणार?

तू पलूसच्या बाजूला आमच्या घरी आलीस तेव्हा तेवीस वर्षांची होतीस, माझ्याहून एकाच वर्षाने मोठी. आमच्यात बाईचं हसणं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे, तुझं थेट अंगणात जायचं. आई कुरकुरायची, "सून हाय का वारं?" मला स्कूटी तू शिकवलीस, कॅनॉलच्या रस्त्यावर, मागे धावत धावत. माझे ड्रेस तू घालायचीस, तुझ्या साड्या मी नेसायचे. बहीण नव्हती मला. दोन वर्षं होती असं म्हणायला हरकत नाही.

मळ्यातली जुनी विहीर तुला आठवत असेलच. फार पूर्वी कोणी बाई पहिल्या बाळंतपणात गेली, तिची अळवंतीण झाली आणि ती भर बारा वाजता केस सोडून काठावर मूल शोधत बसते, असं सगळे सांगायचे. बस्तीच्या देवळात प्रवचनाला महाराज समजवायचे की असलं काही नसतं. आमची माणसं माना डोलवायची आणि पावणेबाराला हळदीच्या शेतातून बाहेर पडायची. मला मात्र त्या भुताची भीती नव्हती, उपयोग होता. मोटारी वाइंडिंग करणारा मुजीब मला तिथेच भेटायचा. त्या वेळी तिकडे कोणी फिरकायचं नाही म्हणून. मी मुद्दाम केस मोकळे सोडायचे, लांबून कोणी बघितलंच तर पळून जावं म्हणून. भांगलणीच्या बाया दोनदा पळाल्या आणि मी पोट धरून हसले. चंदनबाला म्हणून मला त्या बांधावर एकटीला उभं राहता येत नव्हतं, अळवंतीण म्हणून येत होतं.

मग तुझी मुलगी झाली आणि नऊ दिवसांनी गेली. तू बोलायची थांबलीस. दूध आटत नव्हतं, तुझं पोलकं सारखं भिजायचं आणि घरातली सगळी माणसं दुसरीकडे बघायची. वेणी घालणं तू सोडलंस, घरामागच्या परड्यात तासन्‌तास बसून राहायचीस. लेकरू गेलेली आई अशीच बसणार, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. काकू म्हणाली, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय.

त्याच महिन्यात भाऊसोकाकांनी मला विहिरीवर बघितलं. ते उसातून पळत सुटले, पाटात पडले, तापाने फणफणले. अंथरुणातून सांगत होते, "बाईच हुती. हिरवी साडी, केस मोकळं. आवं, आपल्याच घरातली वाटली." आईने ट्रंक उघडून तुझी हिरवी साडी काढली. काठाला ओला चिखल होता. आईने मला विचारलं, "चंदे, ही कुणी नेसली हुती?" तू दोन हातांवर भिंतीला टेकून बसली होतीस. मी म्हणाले, "वहिनीनं. मी बघितलंय. बाराला ती हिरीवर जाती, एकटीच बोलत बसती."

एवढंच बोलले. पंधरा वर्षांत ते वाक्य मी किती तऱ्हांनी सौम्य करून बघितलं! घाबरले होते, वय लहान होतं, पुढे काय होईल ते ठाऊक नव्हतं. पण चोवीस हे काही लहान वय नाही, आणि पुढे काय होतं ते गावातल्या प्रत्येक पोरीला ठाऊक असतं.

अमावास्येच्या दुपारी देवरुषी आला. मिरच्यांचा धूर केला, तुझे केस मुठीत धरले आणि ओल्या फोकाने मारत विचारायला लागला, "कोण हाईस तू? नाव सांग!" तू म्हणायचीस, "मी कीर्ती." तो पुन्हा मारायचा, पुन्हा विचारायचा. "मी कीर्ती." त्याला दुसरं नाव हवं होतं. ते घेतलं असतंस तर मार थांबला असता, हे तुलाही कळत होतं. शेवटी आवाज फुटेना तरी तुझे ओठ तेच नाव घेत होते. मग त्याने तुझे केस कापले. दादा दारात उभा होता, आत आला नाही आणि बाहेरही गेला नाही. तिसऱ्या दिवशी अमृत जीप घेऊन आला आणि तुला माहेरी घेऊन गेला.

आता सगळ्यात अवघड लिहिते. तुला माहीत होतं. बाळंतपणाआधीच तुला मी मुजीबचं सांगितलं होतं. आणि भाऊसोकाकांनी मला बघितलं त्या दिवशी, कोणाशी बोलत नव्हतीस त्या दिवसांतही, ती हिरवी साडी तूच काढून दिलीस, पदराला पिन तूच लावलीस आणि म्हणालीस, "लवकर ये." धुरात खोकताना एकदा तू माझ्याकडे बघितलंस. माझं नाव घेतलं असतंस तर सुटली असतीस. तू मान खाली घातलीस. तुला तेव्हा भान नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तू मला वाचवलंस. आणि सहा महिन्यांत मी कराडच्या स्थळाला होकार दिला. मुजीबला फोनवर दोन वाक्यांत कळवलं.

या मे महिन्यात ब्राह्मी आजोळी राहून आली. जेवताना सहज म्हणाली, "आई, मामाच्या विहिरीवर कीर्ती बसते, माहितीये?" त्या जुन्या भुताला नाव नव्हतं, आता पोरांनी त्याला तुझं नाव दिलंय. कीर्ती बाळंतपणात मेली, हिरव्या साडीत दिसते, परक्या लेकरांना हाका मारते. पोरं तुझ्या नावाने ओरडत तिथून पळतात. मी म्हणाले, "ती मेलेली नाही." ब्राह्मीने विचारलं, "तुला कसं माहीत?" तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग खरं कधी सांगितलंस?" दोन दिवस ती माझ्या शेजारी जेवायला बसली नाही.

गेल्या रविवारी भाऊसोकाकांच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याभोवती गावच्या बाया जमल्या होत्या, तिथे मी उभी राहून सांगितलं. विहिरीवरची बाई मी होते, कीर्ती नव्हती, आणि कीर्ती जिवंत आहे. आई म्हणाली, "गप बस, पावणं हाईत." मी गप्प बसले नाही. मुजीबचं नाव तेवढं घेतलं नाही, त्याचा संसार आहे. भाऊसोकाका भिंतीकडे तोंड करून बसले. दादाने एकच प्रश्न तीनदा विचारला, "साडी तू नेसली हुतीस?" भरतेश अजून माझ्याशी फारसे बोलत नाहीत. ते मला भोगायलाच हवं.

पण हे पत्र क्षमेसाठी नाही. काल दादाचा फोन आला. तो आईला घेऊन उंब्रजला तुझ्याकडे यायचं म्हणतोय, पाय धरतो म्हणतोय. मी त्याला अडवलंय. त्या दिवशी आमच्या घरात कोणी तुला विचारलं नव्हतं. आता न विचारता तुझ्या दारात येऊन रडणं म्हणजे पुन्हा तेच होईल. तुझी इच्छा असेल तर अमृतकडून एक शब्द कळव. नसेल तर काहीच कळवू नकोस. तुझा नकार समजून मी त्यांना थांबवीन, गाडीपुढे आडवं पडावं लागलं तरी. माझीही भेट नको वाटली तर तसंच. आणि हा कागद जपून ठेव. कोणाला दाखवावासा वाटला, गावात, पोलिसांत, कुठेही, तर खुशाल दाखव. म्हणूनच खाली 'चंदा' लिहीत नाही, पूर्ण नाव लिहिते.

कधीकाळी तुझीच असलेली,
चंदनबाला भरतेश मगदूम