स्पंज मी धुतला होता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, हल्ली निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मान मात्र वर होत नाही, आणि त्याला त्यांच्याकडे औषध नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खरी गोष्ट तेवढी लिहायची राहिली होती.

१. राहते घर मुलगा आणि सून यांना निम्मे निम्मे. कागदोपत्री सुनेचे नाव आधी घालावे.

२. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला.

३. भिंग, चिमटे आणि बारीक हत्यारांचा डबा माझ्या जुन्या भागीदाराला. वीस वर्षे तो माझी हत्यारे न विचारता उचलायचा आणि मी त्याच्या नावाने खडे फोडायचो. आता विचारायची गरज नाही.

४. बाहेरच्या खोलीतली माशांची टाकी, पंप व दिव्यासह, सुनेला. हे कलम लिहायला मला आठ वर्षे लागली.

टाकी माझ्या पत्नीची. ती गेली तेव्हा त्यात तिचे सात एंजल मासे होते. पुढे तिच्या माहेरची माणसे यायची ठरली. मी पडलो घड्याळजी, कणभर मळ मला खपत नाही. आदल्या दिवशी घरात कोणी नसताना मी टाकीतले सगळे पाणी उपसले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळला आणि थेट नळाचे पाणी भरले. टाकी लखलखीत झाली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. संध्याकाळपर्यंत सातही गेले.

मुलगा सुनेवर घसरला. "किती खाणं टाकतेस? आईचे मासे होते ते." तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "जाऊ दे, झालं ते झालं." जणू मीच तिला माफ करत होतो. त्या वाक्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

टाकीचे मासे ज्याच्या दुकानातून आणायचो त्या मासेवाल्याने नंतर मला विचारले होते, "काका, स्पंज नळाखाली तर नाही ना धुतला?" मी साफ नाही म्हणालो. त्यानेच मग समजावले की माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या मळक्या स्पंजातच राहतात, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांनाही मारते, माशांनाही.

पुढे नवे मासे आले. सुनेला मात्र कोणी टाकीला हात लावू देत नाही. नातसुद्धा म्हणते, "आई, तू नको." मी ऐकतो आणि पेपरात डोके घालतो.

५. टाकीची निगा. सुनेला शिकवायचा मला हक्क नाही, माशांसाठी लिहितो. आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशीच बादलीत भरून उघडे ठेवावे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा. खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे.

६. मी गेल्यावर हे सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, कलम चार दोनदा.

पुरवणी. सह्यांसाठी डॉक्टरीणबाई आणि मासेवाला आले. मासेवाल्याने कलम चार वाचून पेन खाली ठेवले. "मेल्यावर सांगणार? मग तिने भांडायचं कोणाशी? आधी आत जाऊन सांगा, काका."

मी स्वयंपाकघरात जाऊन सुनेला सांगितले. ती ओटा पुसत होती. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं, बाबा. तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली."

मी म्हणालो, "टाकी तुझ्या नावावर केली आहे."

"टाकी नकोय मला. हे येतील आता. ह्यांना माझ्यासमोर सांगा."

सबब कलम सहा रद्द. टाकीचे काय करायचे ते सून ठरवील. मुलगा सातला येतो. आत्ता पावणेसात झाले आहेत आणि माझे लक्ष दाराकडे आहे, म्हणून सही वाकडी आली आहे. ती माझीच समजावी.

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: अकरा नोव्हेंबर
सही: घड्याळजी

साक्षीदार पहिली: शेजारच्या डॉक्टरीणबाई.

साक्षीदार दुसरा: मासेवाला. काकांनी माझ्यादेखत मुलाला सांगितले, सून समोर उभी होती. त्यानंतरच, सात वाजून दहा मिनिटांनी, मी साक्षीची सही केली.